सव्वादोन तास बोलते ती कोण? ‘आय ॲम थिंकिंग ऑफ एंडिंग थिंग्ज’ समजून घेताना

चार्ली कॉफमन यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘आय ॲम थिंकिंग ऑफ एंडिंग थिंग्ज’ 2020 च्या सप्टेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर आला. लांबी 134 मिनिटं. कॅनडाचे लेखक इयन रीड यांच्या 2016 च्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. गोष्ट एका दमात सांगून होते: बर्फ पडत असताना एक तरुणी आपल्या मित्राच्या, जेकच्या गाडीतून त्याच्या आईवडिलांना भेटायला त्यांच्या शेतातल्या घरी जाते, जेवते आणि रात्रीच परत निघते. या मित्राशी आता संपवून टाकावं, असं ती सुरुवातीपासून मनात घोळवत असते.

एवढ्याशा गोष्टीत माणसं गोंधळतात, कारण तिचं नाव बदलत राहतं, स्वेटर बदलतो, शिक्षण बदलतं. आईवडील एका दारातून म्हातारे आत जातात आणि दुसऱ्या दारातून तरुण बाहेर येतात. अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे मराठवाड्यात जगभरचा सिनेमा पाहणारा प्रेक्षक तयार झालाय. पण अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नासारखा नेहमीचा तर्क सोडून चालणारा, चित्रपट समोर आला की यातल्या पुष्कळांची पहिली प्रतिक्रिया ‘डोक्यावरून गेला’ हीच असते. हा चित्रपट डोक्यावरून जाण्यासारखा नाही. कुठून धरायचा ते कळलं की तो हाताला लागतो.

पुढे सगळा शेवट उघड केलेला आहे. या चित्रपटाच्या बाबतीत त्याने नुकसान होत नाही. शेवट माहीत असला की पहिल्या मिनिटापासूनच्या खुणा दिसायला लागतात, आणि चित्रपटाचा खरा ऐवज त्या खुणांमध्येच आहे.

शिपाईमामा

गाडीतला प्रवास चालू असताना मधूनच एक म्हातारा दिसतो. तो एका शाळेत फरशी पुसतो, कचरा भरतो, मुलांच्या नाटकाची तालीम लांबून बघतो, डबा खाताना टीव्हीवर एक गोड प्रेमकथा पाहतो. आपल्याकडे मुलं ज्यांना शिपाईमामा म्हणतात, तसा. त्याचा आणि गाडीतल्या दोघांचा संबंध काय, हे चित्रपट बराच वेळ सांगत नाही.

हा म्हातारा म्हणजेच जेक. गाडीतला तरुण जेक, शेजारी बसलेली ती, आईवडिलांची भेट, हे सगळं त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात चाललंय. फार वर्षांपूर्वी एका बारमध्ये प्रश्नमंजूषेच्या खेळाच्या रात्री त्याला एक मुलगी दिसली होती. त्यांच्यात काही घडलं नाही. ती तिच्या वाटेने गेली. त्या रात्री बोललो असतो तर, ती आवडली असती तर, घरी आली असती तर, आईला भेटली असती तर, असे ‘तर’ एकावर एक रचत त्याने आयुष्य काढलं. आपण पाहतो ती त्या रचनेची शेवटची रात्र.

बहुतेक विश्लेषणं इथे येऊन संपतात: ‘सगळं त्याच्या मनातलं होतं, बस.’ खरं तर काम इथून पुढे सुरू होतं. मनातलं होतं हे कळल्यावर दोन प्रश्न विचारायचे. माणूस मनात काहीही रचू शकतो, मग त्याने असं अवघडलेलं, चिडचिडं, मोडकं का रचलं? आणि रचायला लागणारं सामान त्याने आणलं कुठून? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी शोधलं की पहिल्याचं आपोआप मिळतं.

सामान कुठून आलं

गाडीत जेक तिला म्हणतो, तुझी एखादी कविता म्हण. ती घरी परत येण्यातल्या भयाणपणावरची एक लांबलचक कविता म्हणते, आपली म्हणून. ऐकताना अंगावर येते. नंतर घरात ती जेकच्या लहानपणीच्या खोलीत जाते. तिथे एक पुस्तक उघडं पडलेलं असतं आणि त्यात तीच कविता छापलेली असते. कविता खरोखरच दुसऱ्या कोणाची आहे: ‘बोनडॉग’ नावाची, ईव्हा एच. डी. या कॅनडाच्या कवयित्रीची.

हा क्षण दुसऱ्यांदा पाहताना थांबवून बघा. कॅमेरा खोलीतल्या वस्तूंवरून फिरतो ती निव्वळ सजावट नाही. तिथे चित्रपटसमीक्षक पॉलीन केल यांचं जाडजूड पुस्तक दिसतं. परतीच्या गाडीत जॉन कॅसाव्हेटीस यांच्या ‘अ वूमन अंडर द इन्फ्लुअन्स’ या 1974 च्या चित्रपटावर वाद निघतो, आणि ती अचानक सिगारेट ओढत, वेगळ्याच ठसक्यात, मुद्देसूद बोलायला लागते. ते सगळं बोलणं केल यांच्या परीक्षणातलं आहे. जेवताना ती आईवडिलांना आपण काढलेली निसर्गचित्रं दाखवते. पुढे तळघरात राल्फ अल्बर्ट ब्लेकलॉक या अमेरिकन चित्रकाराच्या प्रदर्शनाची पोस्टर्स दिसतात आणि त्यांवर तसलीच चित्रं. (ब्लेकलॉक 1847 ते 1919. आयुष्याची शेवटची वीसेक वर्षं बहुतेक मनोरुग्णालयात गेली. ही निवड सहज झालेली नाही.)

शिपाईमामा डबा खाताना जो प्रेमपट बघत असतो, त्यातली नायिका हॉटेलात वाढपी आहे. तिचं नाव इव्हॉन. थोड्याच वेळात तरुणीच्या फोनवर कॉल येतो आणि पडद्यावर नाव झळकतं इव्हॉन. शेवटी म्हातारा जेक रंगमंचावर नोबेल पारितोषिक स्वीकारताना भाषण करतो. ते भाषण जॉन नॅश या गणितज्ञावरच्या ‘अ ब्यूटिफुल माइंड’ या 2001 च्या चित्रपटातून आलेलं. नॅश यांना 1994 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं हे खरं, पण चित्रपटातलं ते भाषण पटकथेसाठी रचलेलं होतं. म्हणजे जेकच्या आयुष्यातला सर्वोच्च सन्मानाचा क्षणसुद्धा दुसऱ्याच्या, आणि तोही खोट्या, भाषणावर उभा आहे.

ही सगळी उदाहरणं एका रांगेत ठेवली की चित्रपटाचं म्हणणं स्पष्ट होतं. एखादी व्यक्ती मनात उभी करायची तर तिच्या तोंडी शब्द घालावे लागतात, हाताला काम द्यावं लागतं, आवडीनिवडी द्याव्या लागतात. ज्याचा लोकांशी संबंध आला, तो हे सामान माणसांकडून घेतो: मैत्रिणीची बोलायची लकब, भांडताना भावजय काय म्हणाली ते, प्रवासात कोणी सांगितलेली गोष्ट. जेककडे अशी माणसं नाहीत. त्याच्याकडे पुस्तकं, चित्रपट, नाटकाच्या तालमी आणि आईवडील आहेत. म्हणून त्याने रचलेली मुलगी कधी कवयित्री, कधी चित्रकार, कधी पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) शिकणारी, कधी वृद्धांच्या आजारांचा अभ्यास करणारी. कुठलंच रूप टिकत नाही, कारण प्रत्येक रूप एकेका पुस्तकाच्या जिवावर उभं आहे आणि पुस्तक मिटलं की तेही मिटतं. एकटेपणावरचे चित्रपट बहुधा रिकाम्या खोल्या आणि खिडकीत बसलेली माणसं दाखवतात. इथे एकटेपणा मोजायचं माप वेगळंच आहे: या माणसाच्या कल्पनेत त्याचं स्वतःचं किती आणि उसनं किती.

वाचलेलं काही काळाने आपलंच वाटू लागणं हा स्मृतीचा ओळखीचा गुण आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 मध्येच मांडलं होतं की आठवण ही ठेवलेली वस्तू काढावी तशी निघत नाही; दर वेळी ती नव्याने जुळवली जाते, आणि जुळवताना माणूस आपल्या परीने रिकाम्या जागा भरतो. चित्रपटात ही जुळवाजुळव आपल्या डोळ्यांसमोर होते. तळघराच्या दारावर ओरखडे दिसतात, कुत्र्याचा विषय निघतो आणि मग कुत्रा येतो. येतो तो ओल्या अंगाने पाणी झटकत, आणि झटकतच राहतो, नैसर्गिकपणे थांबायला हवं त्याच्या कितीतरी पुढे. म्हाताऱ्याला कुत्र्याची तेवढीच हालचाल आठवते, म्हणून तेवढीच चालू राहते. नंतर त्याच्या खोलीत कुत्र्याच्या रक्षेचा कलश दिसतो.

जेवणाचं टेबल आणि 17 क्रमांकाचं लेणं

आईवडिलांच्या घरातला भाग चित्रपटाचा गाभा आहे आणि सर्वांत जास्त घोटाळाही तिथेच होतो. आई (टोनी कोलेट) आणि वडील (डेव्हिड थ्यूलिस) जेवायला बसतात तेव्हा एका वयाचे. थोड्या वेळाने आई खूप थकलेली, जेक तिला भरवतोय. मग वडील विसराळू झालेले, खोलीत वस्तूंवर नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या. मग आई अंथरुणावर अखेरच्या घटका मोजणारी. मग अचानक तीच आई तरुण, घरात वावरणारी. प्रेक्षक इथे हटकून विचारतो: नेमकं कोणतं साल चालू आहे?

मराठवाड्यातल्या माणसाला याचं उत्तर घरच्या अंगणात आहे. संभाजीनगरहून शंभरेक किलोमीटरवर अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातक आणि सिंहल अवदान या बौद्ध कथांची मोठी भित्तिचित्रं आहेत, पाचव्या शतकातली. नवखा माणूस तिथे डावीकडून उजवीकडे गोष्ट वाचायला जातो आणि चुकतो. एकच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हापुन्हा दिसतो. चौकटी नाहीत. प्रसंग वेगळे होतात ते दारं, खांब, झाडं यांच्या आधाराने. मांडणी बरीचशी जागेप्रमाणे आहे, काळाप्रमाणे नाही: राजवाड्यात जे जे घडलं ते राजवाड्याजवळ, अरण्यात घडलं ते अरण्याजवळ, मग त्यात वर्षांचं अंतर का असेना. तिथला जाणता वाटाड्या बॅटरीचा झोत आधी जागेवर टाकतो आणि मग त्या जागेतली माणसं एकेक करून दाखवतो.

जेकचं घर असंच पाहायचं. साल विचारू नका, खोली विचारा. जेवणाची खोली: आईच्या कौतुकाचा आणि जेकच्या शरमेचा पट्टा. वरची खोली: आजारपण आणि मृत्यू. लहानपणीची खोली: उसन्या सामानाचं कोठार. तळघर: जे दाखवायचं नाही ते. तळघराच्या दारावरचे ओरखडे आणि तिथे जाऊ नये म्हणून जेकची धडपड लक्षात ठेवा, कारण पुढे ती डाग पडलेला नाईटगाऊन धुवायला तिथे उतरते आणि मशीनमध्ये तिला शाळेच्या सफाई कामगाराचे गणवेश सापडतात. या माणसाच्या कल्पनेतल्या घरातही त्याची खरी नोकरी सर्वांत खालच्या मजल्यावर, धुण्याच्या मशीनमध्ये दडवून ठेवलेली आहे. आईवडिलांची आजारपणं काढत तो त्या घरातच राहिला, एकटा, हे चित्रपट कधी उघड सांगत नाही. खोल्या एकापुढे एक ठेवल्या की आपल्याला कळतं.

जेवणाच्या टेबलाजवळचा एक प्रसंग नीट बघा. आई जेकच्या हुशारीचं कौतुक करते, त्यात सामान्यज्ञानाच्या खेळाच्या ‘जीनस’ आवृत्तीला ती ‘जीनियस’ म्हणते आणि जेक तडकतो. आई पुढे त्याला शाळेत चिकाटीसाठी मिळालेल्या बिल्ल्याची आठवण काढते. तिच्या डोळ्यांत अभिमान आहे. त्याच्या चेहऱ्यावर (जेसी प्लेमन्स यांनी इथे जबडा घट्ट आवळून जे काम केलंय ते थोर आहे) अपमान आहे. हुशारीचं बक्षीस मिळालेली मुलं वेगळी आणि चिकाटीचं मिळालेली वेगळी, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. पन्नास वर्षांनी मनात मैत्रीण घेऊन घरी आला तरी हा बिल्ला टेबलावर येतोच. आपण कल्पना रचतो तेव्हा आठवण आगंतुकासारखी आत शिरते आणि मोक्याच्या जागी बसते. ‘असं अवघडलेलं का रचलं’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे.

ती निघते का

उरलेलं अर्धं उत्तर तिच्यात आहे. जेसी बकली यांनी साकारलेली ही तरुणी चित्रपटभर मनातल्या मनात बोलते, आणि तिचं पहिलं वाक्यच ‘संपवून टाकावं’ असं आहे. सुरुवातीच्या गाडीतल्या प्रसंगात ती हे मनात म्हणते आणि जेक वळून विचारतो, काय म्हणालीस? त्याला ऐकू गेलं, कारण मन त्याचंच आहे. ही चित्रपटातली सर्वांत मोठी खूण पहिल्या काही मिनिटांतच देऊन ठेवलेली आहे.

आता विचार करा. माणसाने स्वतःच्या सुखासाठी एक मुलगी कल्पिली. तिला हवं तसं वागवायची मुभा त्यालाच. तरी ती पहिल्या क्षणापासून निघायच्या तयारीत. त्याची कल्पनासुद्धा त्याच्याशी खोटं बोलू शकत नाही. आपल्यासोबत कोणी राहील यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नाही. या जागी चित्रपट कोड्याच्या पलीकडे जातो. शीर्षकातल्या ‘संपवण्या’चे दोन अर्थ आहेत: तिच्या तोंडी नातं, त्याच्या मनात आयुष्य. दोन्ही विचार एकाच डोक्यात एकाच वेळी चाललेले असतात. तिच्या फोनवर येणारा, ‘एकच प्रश्न उरलाय’ असं सांगणारा पुरुषी आवाज दुसऱ्या विचाराचा आहे.

परतीच्या वाटेवर दोघं शाळेपाशी थांबतात आणि तिथल्या बोळात ती आणि म्हातारा समोरासमोर येतात तो प्रसंग याच धाग्याचं टोक. जेक दिसायला कसा होता, हे तिला सांगता येत नाही. त्या रात्री काहीच घडलं नाही, तो नुसता टक लावून बघत होता, तिला अस्वस्थ वाटलं, इतक्या वर्षांपूर्वी चावलेला डास कोणाला आठवतो, अशा अर्थाचं ती बोलते. म्हाताऱ्याने आयुष्यभर जपलेली भेट तिच्या बाजूने एवढीच होती. आणि लक्षात घ्या, हे तिचं म्हणणंही तोच रचतोय. स्वतःविरुद्धची साक्ष त्याने तिच्या तोंडून घेतली आणि तिला जाऊ दिलं. निरोप घेताना ती त्याला मिठी मारते. आमच्या मते या चित्रपटातला सर्वांत कनवाळू क्षण तो आहे, आणि शेवटच्या गाजलेल्या नृत्यापेक्षा त्याचं वजन जास्त आहे.

पाहायचा कसा

पहिल्यांदा न थांबवता, रात्री, दिवे बंद करून पाहा. गाडीतले प्रसंग फार अंधारे आहेत. दुपारी खिडकीतून उजेड येत असेल तर पडद्यावर तुमचंच प्रतिबिंब दिसेल. छायाचित्रकार उकाश झाल यांनी जवळजवळ चौकोनी, 4:3 च्या मापाची चौकट वापरली आहे. नव्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणं बरोबर आहे. टीव्हीचं चित्र ‘झूम’ किंवा ‘वाइड’वर असेल तर वरचं-खालचं कापलं जातं किंवा माणसं आडवी पसरतात, आणि दोघांना गाडीत कोंडल्याचा परिणाम पार जातो. सेटिंग मूळ मापावर आणून ठेवा. आवाजाला हेडफोन उत्तम: वायपरचा आवाज, फोनवरचा पुरुषी आवाज आणि मनातलं बोलणं यांतला फरक साध्या स्पीकरवर पुसला जातो. संवाद वेगवान आणि अवतरणांनी भरलेले आहेत, इंग्रजी सबटायटल लावण्यात कमीपणा नाही.

सुरुवातीचा गाडीतला प्रवास वीसेक मिनिटं चालतो. कंटाळा इथेच येतो आणि लोक इथेच सोडतात. त्या वीस मिनिटांत एकच काम करा: जेक तिच्या मनातल्या विचाराला कुठे कुठे उत्तर देतो ते मोजा. शिवाय वाटेत एका पडक्या, जळक्या घरासमोर कोरा करकरीत झोपाळा दिसेल, तोही ध्यानात ठेवा.

दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि दुसऱ्यांदा वही घेऊन बसा. पानावर चार रकाने पाडा: वेळ, तिचं नाव आणि काम, तिचे कपडे, आणि शेवटचा ‘कुठून आलं’. नाव लुसी, लुईसा असं काही झालं की लिहा. स्वेटर बदलला, गळ्यातली माळ गेली की लिहा. शेवटचा रकाना लगेच भरणार नाही. कविता गाडीत येते आणि पुस्तक अर्ध्या तासाहून जास्त वेळाने. तेव्हा मागे जाऊन भरायचा. शिपाईमामाचे सगळे प्रसंग लाल शाईने लिहा. मग दिसेल की लाल ओळीत आलेली गोष्ट थोड्याच वेळात काळ्या ओळीत उगवते. वाटेतल्या ‘टल्सी टाउन’ या आइस्क्रीमच्या दुकानातल्या मुली शाळेतल्याच आहेत, आणि जेक टाकायला घेऊन जातो त्या कपांनी शाळेची कचराकुंडी आधीच भरलेली आहे. म्हणजे ही रात्र त्याने पहिल्यांदा रचलेली नाही.

चुका कुठे होतात? सर्वांत नेहमीची म्हणजे प्रत्येक वस्तूला एक अर्थ चिकटवणं: डुक्कर म्हणजे हे, बर्फ म्हणजे ते. डुकराचा माग काढायचा तो असा: गोठ्यात जेक सांगतो की शेतावरच्या डुकरांना अळ्यांनी जिवंतपणी पोखरलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी म्हाताऱ्याला शाळेत नेणारं डुक्कर तेच. आठवणीतली गोष्ट कल्पनेत चालायला लागली, एवढं पुरे; अर्थ त्यातून आपसूक येतो. दुसरी चूक कादंबरीचा शेवट चित्रपटावर लादणं. कादंबरी शेवटाला भयकथेसारखी हिंस्र होते आणि उत्तर स्पष्ट सांगते; कॉफमन यांनी तो रस्ता सोडला आहे. तिसरी, शेवटी म्हातारा थंडीत कपडे का उतरवतो याला प्रतीक समजणं. शरीर फार गारठलं की त्वचेजवळच्या आकसलेल्या रक्तवाहिन्या अचानक सैलावतात, माणसाला उकडल्यासारखं वाटतं आणि तो कपडे काढतो. वैद्यकात ही नोंदलेली गोष्ट आहे. इतक्या अद्भुत शेवटाखालीही पाया शारीरिक आणि खरा आहे.

एक दोषही सांगायला हवा. शेवटची पंचवीस-तीस मिनिटं ज्या नाटकावर उभी आहेत ते माहीत नसेल तर प्रेक्षक बाहेरच उभा राहतो. दिग्दर्शकाने तिथे दार अरुंद ठेवलंय. त्याचा उपाय शेवटी दिला आहे.

गटात चर्चा करायची असेल तर

परभणी, लातूर, नांदेड, बीड, कुठेही पाच-सहा जण जमत असाल तर आधी दोन गोष्टी. घरगुती सदस्यत्वावरून सार्वजनिक खेळ लावता येत नाही, म्हणून प्रत्येकाने घरी पाहून यावं. आणि चित्रपट स्वतःचं आयुष्य संपवण्याच्या विचाराभोवती फिरतो, हे बोलावतानाच सांगावं. कोणाला तो जड गेला तर टेलि-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं.

चर्चेत ‘तुम्हाला काय वाटलं’ विचारलं की गाडी ‘समजला’ आणि ‘नाही समजला’ यांत अडकते. त्याऐवजी एक स्वाध्याय घ्या. आपल्या तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेचे एक शिपाईमामा डोळ्यांसमोर आणा. वय साठच्या आसपास, आईवडील गेलेले, लग्न झालेलं नाही, पत्र्याची खोली. यांनी मनात एक संसार रचला तर त्याला सामान कुठून मिळेल? प्रत्येकाने पाच वस्तू लिहायच्या. आकाशवाणी परभणीवर ऐकलेली गाणी येतील, सप्ताहातलं कीर्तन येईल, शाळेच्या स्नेहसंमेलनातली नाटुकली येईल, कोणीतरी वर्गात विसरलेलं पुस्तक येईल, हंगामात ऊसतोडीला गेलेल्या शेजारच्या कुटुंबाचं कुलूप येईल. मग पुढचा प्रश्न: त्यांच्या मनातली बायको बोलायला लागली तर ती कोणाच्या शब्दांत बोलेल, आणि कुठल्या वाक्याला ती त्यांच्यावर रागावेल? हे लिहून काढलं की तळघरातले गणवेश, पुस्तकातली कविता, टेबलावरचा बिल्ला या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. सोबत एक सावधगिरी: गावातल्या कुठल्या खऱ्या माणसावर बोट ठेवू नका, स्वाध्यायाची चौकशी होऊन बसते.

स्त्रियांच्या बाजूचा एक वाद इथे हमखास निघतो आणि तो होऊ द्यावा. एका पुरुषाने मनात रचलेली बाई म्हणजे तिला स्वतःचं काहीच नाही, मग तिची गोष्ट म्हणून आपल्याला सव्वादोन तास का दाखवली? आमचं उत्तर असं की मनातलं बोलणं तिच्या वाट्याला दिल्यामुळे प्रेक्षकाचा जीव तिच्यात गुंततो, आणि बकली यांनी तिला इतकं जितंजागतं केलंय की ती रचलेली आहे हे कळल्यावर आपलंच कोणी हिरावल्यासारखं होतं. पण हे उत्तर सगळ्यांना पटत नाही, आणि न पटण्याला आधार आहे: बोळातल्या निरोपानंतर तिचं काय होतं याची चित्रपटाला फिकीर नाही.

आता नाटकाचा उपाय. शाळेतली मुलं तालीम करतात ते ‘ओक्लाहोमा!’, 1943 चं अमेरिकन संगीत नाटक. त्यात नायिका लॉरीच्या मागे दोघे आहेत: देखणा गुराखी कर्ली आणि शेतावर राबणारा, एका अंधाऱ्या खोलीत एकटा राहणारा जड नावाचा गडी. मध्यंतराआधी लॉरीला स्वप्न पडतं आणि ते स्वप्न नृत्यातून दाखवतात. मूळ नृत्यरचना ॲग्नेस डी मिल यांची. स्वप्नात जड कर्लीला ठार मारतो. चित्रपटातल्या शाळेच्या बोळातलं नृत्य हुबेहूब यावर बेतलंय: तरुण जेकच्या वेशातला नर्तक कर्लीच्या जागी, शिपाईमामाच्या वेशातला जडच्या जागी, आणि सुऱ्याने वार करतो तो शिपाई. म्हाताऱ्या माणसाने आपण काय होऊ शकलो असतो त्याचा केलेला खून, असं ते वाचायचं. त्यानंतर नोबेलच्या मंचावर जेक जे गाणं म्हणतो ते ‘लोनली रूम’ हे जडचं गाणं आहे, कर्लीचं नव्हे. आपण या नाटकात कोण आहोत हे त्याने मान्य केलं.

पहिल्या आणि दुसऱ्या पाहण्याच्या मधल्या दिवसांत ‘ओक्लाहोमा!’चा 1955 चा चित्रपट मिळवून त्यातलं पाव तासाचं स्वप्ननृत्य पाहून घ्या. ‘लोनली रूम’ मात्र त्या चित्रपटातून वगळलेलं आहे, तिथे शोधत बसू नका. त्यासाठी लंडनच्या नॅशनल थिएटरच्या प्रयोगाचं 1999 मध्ये झालेलं चित्रीकरण पाहा. त्यात शूलर हेन्स्ली यांनी जड केला आहे आणि गाणं पूर्ण आहे.